पळसाच्या पानांचा माणूस

कोपऱ्यावर ट्रकचा हॉर्न वाजला, आणि शालनवैनी पिठाच्या हातांनीच दाराकडे धावली. उंबऱ्यात थांबून तिनं कोपरानं पदर सावरला, मान लांब करून रस्त्याच्या टोकापर्यंत बघितलं. मग मान खाली घालून आत आली आणि परातीपुढं बसली.

"छान," कर्णिक म्हणाले. "पुन्हा एकदा करू या."

वैनीनं हात पुन्हा पिठात घातले. बाहेर तो ट्रक मागे गेला, कोपऱ्यावर थांबला, आणि पुन्हा हॉर्न वाजला. वैनी पुन्हा धावली.

मी खिडकीशी शिलाई मशीन चालवत होते. रोज करता तेच करा, फक्त कॅमेऱ्याकडे बघू नका, असं मला बजावलेलं. कॅमेऱ्याकडे बघायला मला सवड कुठली? मी वैनीकडे बघत होते. ट्रक भाड्याचा आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. ट्रकवाल्याला सकाळी चहा तिनंच करून दिला होता. तरी हॉर्न वाजला की तिच्या तोंडावर जे उमटायचं ते दर खेपेला खरं होतं, आणि आत येताना जे मावळायचं तेही खरं होतं. शेवटी मीच मशीन थांबवलं आणि म्हटलं, "अवो, पुरे करा की आता. किती पळवाल तिला?"

कर्णिक ओशाळले. माणूस वाईट नव्हता. पुण्याहून आलेला, चाळिशीचा, दाढीवाला, हळू बोलणारा. त्यांचा सिनेमा म्हणजे मोठं अजब प्रकरण होतं. नट नाही, नटी नाही. ज्याचं आयुष्य त्यानंच ते पुन्हा जगून दाखवायचं, आणि मध्ये मध्ये त्यांनी रचलेल्या गोष्टी घालायच्या. म्हणजे अर्धं घडलेलं आणि अर्धं घडवलेलं. मी विचारलं, "मग बघणाऱ्यानं खरं कुठलं मानायचं?" तर म्हणाले, "दोन्ही." मी म्हटलं, हे बरं आहे, आमच्याकडे असं बोलणाऱ्याला लोक चावडीवर नेतात. ते मनापासून हसले. त्यांचा राग करायचा ठरवूनही मला तो धड करता आला नाही.

आता दादाचं सांगते. आनंदा म्हेत्रे, माझा थोरला भाऊ. तासगावचा बेदाणा भरून कलकत्त्याला गाडी घालायचा. उंच, लांब ढांगांचा, आणि बोलका तर असा की ढाब्यावर पाणी प्यायला थांबला तरी दोन सोयरे करून यायचा. जिथं फोन दिसेल तिथून शेजारच्या पिठाच्या गिरणीत फोन करायचा आणि वैनीला बोलवायला लावायचा. काम काही नसायचं. "आज आमटीत काय घातलंस?" एवढंच विचारायचा. गिरणीवाला वैतागायचा.

एका खेपेला रायपूरला क्लीनर तापानं फणफणला. त्याला दवाखान्यात ठेवून दादा एकटाच पुढे गेला. मग गाडी सापडली ती ओरिसात, एका नदीच्या पुलाजवळ, रस्त्याच्या कडेला नीट उभी केलेली. माल जागच्या जागी, ताडपत्री आवळून बांधलेली, किल्ली गाडीतच लावलेली, आणि माणूस नाही. बापूकाका, आमचे चुलते, तिकडं जाऊन महिनाभर राहिले आणि हात हलवत परत आले. पुलाखाली पाणी फार होतं, एवढंच ते बोलले. सगळ्यांनी समजायचं ते समजून घेतलं. मीही घेतलं.

वैनीनं नाही घेतलं. तिचं एकच म्हणणं. गाडीत सगळं सापडलं, पण चपला सापडल्या नाहीत.

"चपला घालून गेल्यात, म्हंजे चालत गेल्यात," ती म्हणायची. "चालत गेलेला माणूस चालत येतो, वन्सं."

 मी समजावून थकले. ती सगळं ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तसंच ठसठशीत कुंकू लावून बेदाणा निवडायला जायची. वटपौर्णिमेला बायकांत सगळ्यांच्या पुढं. हळदीकुंकवाला हिला बोलवावं की नको म्हणून बायका घुटमळायच्या, तर ही न बोलावता जाऊन बसायची. कुठंही ट्रकचा हॉर्न वाजला की दारात. मला तिचा राग यायचा, आणि तिच्यासाठी जीवही तुटायचा.

माझी तऱ्हा तिच्या अगदी उलट. माझा नवरा धडधाकट होता, पण हाताचा फार जड. एका सकाळी मी मंगळसूत्र काढून त्याच्याच देव्हाऱ्यात ठेवलं आणि माहेरी निघून आले. माझा जिवंत असून मला मेलेला, आणि तिचा गेलेला असून तिला जिवंत. अशा आम्ही दोघी एका चुलीवर. गल्लीला बोलायला विषय बरा मिळाला होता.

बारावं वर्ष सरत आलं तसं बापूकाका मागे लागले. ज्याचा देह सापडत नाही त्याची आपल्यात बारा वर्षं वाट बघतात. मग पळसाची पानं आणि दर्भ यांचा माणूस करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात आणि त्याला अग्नी देतात. पळसाचा विधी म्हणतात त्याला. तो केला की माणूस सुटला, घरही सुटलं. काका म्हणायचे, पोरी, त्याला असं टांगणीला ठेवू नकोस. वैनी म्हणायची, जित्या माणसाला जाळू का? 

अशात कर्णिक आले. बेपत्ता ड्रायव्हरांच्या घरांवर त्यांना सिनेमा करायचा होता. वैनी दारातूनच वाटेला लावणार होती. पण ते म्हणाले की हा सिनेमा गावोगावी दाखवतील, परराज्यातही दाखवतील. तिनं विचारलं, "ओरिसात दाखवतील?" ते म्हणाले, प्रयत्न करेन. तिनं लगेच त्यांना आत घेतलं आणि दादाचा भिंतीवरचा फोटो उतरवून पदरानं पुसला. तो फोटो सिनेमात जवळून दिसला पाहिजे, ही तिची पहिली अट. कुणीतरी ओळखेल. तो स्वतःच बघेल. त्या आशेवर ती कॅमेऱ्यापुढं जात्यावर दळत राहिली, पाणी भरत राहिली, हॉर्न वाजला की धावत राहिली.

मग त्यांनी रचलेला भाग आला. गोष्टीतली बाई शेवटी नवऱ्याचा पळसाचा विधी करते, असं कर्णिकांनी लिहिलं होतं. हे ऐकल्यावर वैनीच्या हातातली वाटी खाली पडली. कर्णिक घाईघाईनं म्हणाले, हे फक्त गोष्टीत आहे, तुमच्या घरातलं नाही. ती दोन दिवस कुणाशी बोलली नाही. मग तिनंच मला सोबत घेतलं आणि नरहरी गुरुजींकडे गेली. कारण सिनेमातही गुरुजी खरेच हवे होते, आणि आमचे गुरुजी तेच. दादाचं लग्न त्यांनीच लावलं होतं.

"गुरुजी, ते सगळं खोटं हाय," वैनी म्हणाली. "मग मंतर बी खोटं पायजेत."

गुरुजी बराच वेळ सुपारी कातरत राहिले. म्हातारा माणूस, तब्येतीनं किरकोळ, पण आवाज खणखणीत.

"मंत्र खोटा नसतो, शालन," ते म्हणाले. "म्हटला की लागला. पण तू नको म्हणत असशील तर त्यातला एक शब्द माझ्या तोंडून निघणार नाही. दुसरं काहीतरी म्हणेन. त्या पुण्याच्या लोकांना काय कळतंय."

वैनीचा जीव भांड्यात पडला. मंगळसूत्राचीही तोड तिनं काढली. सिनेमात ते काढावं लागणार होतं, म्हणून बाजारातून खोट्या मण्यांचं आणवलं आणि ते वरून घातलं. आपलं खरं तिनं झंपरच्या आत सरकवलं. विधीच्या दिवशी सकाळी मला दाखवून म्हणाली, "बघा वन्सं, आतलं कुणाला दिसत न्हाई न्हवं?" मी म्हटलं, नाही दिसत. आनंदली बिचारी, चोरी पचल्यासारखी.

मग आम्ही नदीच्या घाटावर गेलो. पाणी कमी होतं, पात्रात वाळूच जास्त. गुरुजींनी स्वतः बसून पानांचा माणूस केला होता. पळसाच्या पानांचे हात, पानांचे पाय, आणि वर शेंडीचा नारळ. खोटाच म्हणून केला असेल, पण म्हाताऱ्याला खोटं करायची सवय नव्हती. माप बरोबर घेतलं होतं. पाय लांब केले होते. ते लांब पाय दादाचेच होते. मी बापूकाकांच्या मागे जाऊन उभी राहिले.

कर्णिकांनी हळू आवाजात सगळ्यांना सांगितलं, घाई नाही, मध्ये थांबायचं नाही. कॅमेऱ्याची घरघर सुरू झाली. वैनी ओंजळीत तीळ आणि पाणी घेऊन बसली. तोंड कोरडं ठाक. हे खोटं आहे, खोटं आहे, असं ती मनात घोकत असणार, कारण ओठ हलत होते. गुरुजींनी डोळे मिटले आणि सुरू केलं.

मला संस्कृतातलं ओ की ठो कळत नाही. मला ते मंत्रच वाटले, जसे असतात तसे. बापूकाकांनी हात जोडले. थोडा वेळ गेला आणि वैनीच्या ओंजळीतलं पाणी गळायला लागलं. बोटं सैल सुटली होती. तिनं मान वर केली. गुरुजींच्या तोंडाकडे ती अशी बघायला लागली की मला वाटलं हिला चक्कर येतेय. मग तिनं चटकन आपल्या उजव्या बाजूला बघितलं. तिथं कुणी नव्हतं, नुसती वाळू होती. आणि ती हसली. खरं सांगते, ती हसली. लाजून हसावं तसं. मग पुन्हा पानांच्या माणसाकडे बघितलं आणि ते हसू तिच्या तोंडावर तसंच फाटत गेलं.

"गुरुजी, थांबा," ती म्हणाली.

गुरुजी थांबले. कर्णिकांनी कुणालाही हलू दिलं नाही. कॅमेरा चालूच होता.

"हे तर आमच्या सप्तपदीचं हाय."

गुरुजींचं तोंड एकदम उतरलं. हातातला दर्भ खाली ठेवून ते म्हणाले, "शालन, मला वाटलं, आनंदाच्या नावानं म्हणायचं तर मंगल काहीतरी म्हणावं. जिवंत असेल तर त्याला बाधू नये. समोर तू बसलीयेस, हे माझ्या ध्यानातच आलं नाही गं."

त्यांना तरी काय बोल लावायचा? म्हाताऱ्यानं जपायलाच ते केलं होतं. साऱ्या पोथीतलं सगळ्यात शुभ ते काढून त्यांनी तिच्यापुढं ठेवलं, आणि तेच तिच्या वर्मी बसलं.

मला सगळं आठवलं. मांडवात तेव्हा मी करवली होते. एकेक पाऊल टाकायचं, तर दादानं अशा ढांगा टाकल्या की उपरण्याची गाठ ताणली जाऊन वैनी ओढली गेली आणि त्याच्या पाठीवर आदळली. गुरुजी ओरडले होते, "अरे हळू, हा कलकत्त्याचा रस्ता नव्हे." सगळा मांडव हसला होता. सगळ्यांत मोठ्यानं दादाच हसला होता.

वैनी पानांच्या माणसाशी बोलावं तशी खाली बघून बोलत होती.

"त्यांचा आवाज कसा होता ते मी इसरले होते, गुरुजी. फोटो रोज बघायची, पण आवाज गेला होता. आता तुमी म्हणाय लागला आणि आला. हसलेलं आयकू आलं मला." तिनं ओले हात मांडीवर पुसले. "आमटीत काय घातलंस इचाराय फोन करणारा माणूस हो. चालत गेला असता तर बारा वर्सं गप ऱ्हायला असता का? बारा दिस बी ऱ्हायला नसता."

 बापूकाका तोंड फिरवून उभे राहिले.

तिनं गळ्यातले ते बाजारातले मणी ओढून वाळूत टाकले. मग झंपरच्या आत हात घालून स्वतःचं मंगळसूत्र बाहेर काढलं, सगळ्यांना दिसेल असं.

"खरं म्हणा," ती म्हणाली.

"शालन, विचार कर."

"बारा वर्सं केला. खरं म्हणा, गुरुजी. त्यांना खोट्यावर धाडू नका."

गुरुजींनी नदीत जाऊन पुन्हा हातपाय धुतले.  तेवढ्यात कॅमेरावाला कर्णिकांच्या कानाशी लागला. रीळ संपलं होतं. त्यानं नव्या डब्याकडे हात नेला, तेव्हा कर्णिकांनी मानेनं नको म्हटलं आणि पायातले बूट काढून ते बाजूला जाऊन उभे राहिले. त्यांची सगळी माणसंही तशीच अनवाणी उभी राहिली.

मग गुरुजींनी खरे मंत्र म्हटले.  मंगळसूत्र काढायची वेळ आली तेव्हा वैनीनं मला हाक मारली. मागची कडी घट्ट बसली होती, बारा वर्षांत एकदाही उघडली नव्हती. दिवसभर सुईत दोरा ओवणारी माझी बोटं, पण मला ती कडी निघेना. माझं मी काढलं तेव्हा डोळ्याला टिपूस आलं नव्हतं. तिचं काढताना मला समोरचं दिसेनासं झालं. ती मान वाकवून शांत बसून राहिली, केस विंचरून घ्यायला बसावं तशी.

मुलगा नव्हता, म्हणून अग्नी तिनंच दिला. पळसाची पानं वाळलेली होती, त्यांना जळायला काही वेळ लागत नाही. नारळ तेवढा बराच वेळ राहिला. तो फुटला तेव्हा वैनीच्या तोंडून आवाज निघाला. तसा आवाज मी आजवर पुन्हा ऐकला नाही, आणि देवानं ऐकवू नये.

पुढं सिनेमा झाला. पुण्याला मोठ्या थेटरात दाखवला तेव्हा आम्हा दोघींना नेलं होतं. त्यात पानांचा माणूस आहे, तीळपाणी आहे, वैनी वर मान करून बघते तेही आहे. गुरुजी म्हणाले होते ते मात्र नाही. त्या जागी दुसऱ्याच कुणाचे तरी मंत्र घातलेत. वैनी हसते तिथं थेटरातल्या बायका हुंदके देत होत्या. सुटल्यावर एक बाई वैनीचा हात धरून म्हणाली, "तुम्ही किती खरं केलंत हो." वैनी म्हणाली, "ते खोटंच होतं, बाई." त्या बाईला ती नम्र वाटली असणार. सिनेमा ओरिसात गेला की नाही, हे वैनीनं कधी विचारलं नाही.

पण मला रुतून बसलंय ते घाटावरचं नाही आणि थेटरातलंही नाही. ते विधी झाला त्या दिवशी संध्याकाळचं आहे.

घरी येऊन आम्ही अंघोळी केल्या. चूल पेटवायची नव्हती. शेजारणीनं पिठलं-भाकरी आणून ठेवली होती, ती तशीच झाकलेली. वैनी भिंतीला टेकून बसली होती. गळा मोकळा, कपाळ मोकळं. तिच्याकडे बघवत नव्हतं, म्हणून मी मशीनवर जाऊन बसले, नुसतीच. बारा वर्षं जगाला मी सांगत होते की माझा दादा गेला. वैनीला शहाणपण शिकवत होते. तिच्यावर चिडत होते. दिवेलागण होत आली होती.

तेवढ्यात कोपऱ्यावर ट्रकचा हॉर्न वाजला.

मी वैनीकडे बघितलं. ती उठेल, असं मला वाटलं. उठावी, असंच मला वाटत होतं. तिनं मानसुद्धा वळवली नाही. नखांत अजून घाटावरची वाळू राहिली होती, तेवढी काढत राहिली.

आणि तेव्हा मला कळलं. दादा गेला असं मी खुशाल म्हणू शकत होते, कारण घरात कुणीतरी त्याला जिवंत ठेवून होतं. मी तिच्या भरवशावर होते. ती दाराकडे धावायची तेव्हा माझं मशीन उगीच थांबत नव्हतं. आज तिनं त्याला सोडला, आणि माझा भाऊ मेला.

तो कर्णिकांचा भाड्याचा ट्रक होता. सामान भरून परत निघाला होता आणि जाता जाता आमचा निरोप घेत होता. मला ते पक्कं ठाऊक होतं. ट्रकवाल्याला घाटावर जाण्याआधीचा चहा मीच दिला होता.

तरी मी उठले, आणि दारात जाऊन उभी राहिले.